बोंडातला चीक

‘अफू’ हे विषयाचं नाव ऐकून मागच्या रांगेत थोडी हसाहशी झाली. हरकत नाही. इथे बसलेल्या बहुतेकांच्या स्वयंपाकघरात या झाडाचं बी डब्यात भरलेलं आहे. अनारसा ज्या खसखशीवर थापतात ती पॅपॅव्हर सोम्निफेरम या शास्त्रीय नावाच्या झाडाची, आणि अफूही त्याच झाडाची. दोन्ही एकाच बोंडात. बोंडाच्या सालीत चीक वाहणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं असतं, अफू तिथे. आतल्या बियांमध्ये या नळ्या नसतात, म्हणून खसखशीची खीर खाऊन कोणाला झिंग चढत नाही. बियांच्या अंगाला वाळलेला चीक मात्र जरासा लागलेला असू शकतो. दुबईला किंवा सिंगापूरला लेकीकडे जाणाऱ्यांनी खसखशीची पुडी बॅगेत टाकू नये. तिथे तिच्यावर बंदी आहे, आणि विमानतळावर अनाऱशांची कृती कोणी ऐकून घेत नाही.

पीक रब्बीचं. दिवाळीच्या सुमारास पेरणी, थंडी सरता सरता फुलं. पाकळ्या दोन-चार दिवसांत गळून पडतात आणि हिरवं बोंड उरतं. पुढचं काम बघायचं तर मंदसौर, नीमच, चित्तोडगड, प्रतापगड या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. दुपार कलली की माणसं हातात तीन-चार पाती बांधलेलं छोटं हत्यार घेऊन वाफ्यात उतरतात आणि प्रत्येक बोंडाला उभी चीर देतात. चालतात उलट्या पावलांनी, नाहीतर पाझरणारा चीक कपड्यांनी पुसला जातो. चीर जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल हवी. उथळ गेली तर चीक येत नाही. खोल गेली तर तो बोंडाच्या आत झिरपतो, चीकही गेला आणि बीही बिघडलं. सुरुवातीला चीक रुईच्या चिकासारखा पांढराशुभ्र असतो. रात्रभरात तो गुलाबी-तपकिरी होऊन घट्ट होतो आणि सकाळी ऊन चढायच्या आत बोथट लोखंडी पात्याने खरवडून घेतात. त्याच बोंडाला दिवसाआड पुन्हा चीर, असं तीन-चार वेळा. तेवढ्यात पाऊस आला तर सगळं धुऊन जातं. पोपट बोंडं फोडतात ते वेगळंच.

या शेतकऱ्याकडे केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा पट्टा, म्हणजे लागवडीचा परवाना असतो. सगळी अफू सरकारला द्यायची, ठरलेल्या भावाने, आणि हेक्टरी ठरलेल्या उताऱ्यापेक्षा कमी भरली तर पुढच्या साली चीर द्यायचा पट्टा जाऊ शकतो. आता नुसतं वजन बघत नाहीत, त्यातलं मॉर्फिन, म्हणजे वेदना शमवणारं मुख्य द्रव्य मोजतात. चीर देऊन कायदेशीर अफू काढणारा आणि ती निर्यात करणारा देश जगात आपलाच. ऑस्ट्रेलिया, तुर्कस्तान, फ्रान्स, स्पेन वाळलेल्या बोंडांतून थेट अल्कलॉइड, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधी द्रव्यं काढतात.

हे झाड मूळचं आपलं नव्हे. नवाश्मयुगात भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांनी ते लावायला घेतलं. चरक-सुश्रुतात अफू सापडत नाही; ती अरबांच्या व्यापारातून आली आणि आपल्या वैद्यकात शार्ङ्गधरसंहितेच्या काळात, अतिसारावर वगैरे, दिसू लागते. मोगल काळात माळव्यात तिचं पीक रुजलेलं होतं.

कंपनी सरकारची गोष्ट सगळ्यांना साधारण ठाऊक असते. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला, पुढे पेट्या कलकत्त्याला लिलावात विकल्या, त्या चोरून चीनमध्ये उतरल्या आणि त्या पैशात कंपनीने चहा घेतला. पण यात आपला कोपरा आहे माळव्याचा. माळवा होळकर-शिंद्यांचा. तिथल्या अफूवर कंपनीची सत्ता नव्हती. महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये होळकरांनी तह केला तो मंदसौरला, म्हणजे अफूच्या वावरातच. मग कंपनीने संस्थानांशी करार करून हा माल रोखायचा प्रयत्न केला. शिंद्यांनी दाद दिली नाही. मुंबई बंद म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी उंटांवर माल लादून राजपुताना-सिंधमार्गे कराची गाठली, तिथून जहाजाने पोर्तुगीजांचं दमण. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने शहाणपण केलं: रोखण्यापेक्षा दर पेटीमागे पासाचे पैसे घ्या आणि माल मुंबईतून जाऊ द्या. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी घेतला, पळवाट बंद झाली, आणि १२५ रुपयांचा पास १८४७ पर्यंत ४०० वर गेला.

मुंबईचा बराच पैसा या पेट्यांतून उभा राहिला. जमशेटजी जीजीभाई, गोव्याकडचे रोजेरियो द फारिया, मारवाडी-गुजराती पेढ्या, मागाहून ससून. जमशेटजींनी कापसासोबत अफू चीनला पाठवली, त्याच पैशातून माहीमचा कॉजवे आणि जे. जे. रुग्णालय झालं. कॅन्टनला चिनी सम्राटाचा अधिकारी लिन झेश्यू याने १८३९ मध्ये वीस हजारांवर पेट्या जप्त करून चुना आणि मीठ टाकून नष्ट केल्या आणि इंग्रज-चीन युद्ध पेटलं, तेव्हा बुडालेल्या मालात मुंबईकरांचाही माल होता. जमशेटजींना यावरून खलनायक ठरवणं सोपं आहे. मला त्यात रस नाही. मला एवढंच दिसतं की या संपूर्ण शतकात अफूचा हिशोब पेटीत होतो, पासात होतो, महसुलात होतो. ती खाणारा माणूस कुठल्याच रकान्यात नाही. चीनमधला नाही आणि मुंबईतलाही नाही. गिरणीत पाळी करणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला बाळागोळी देऊन कामावर जायच्या, ती अफूचीच होती.

आता चिकाच्या आत जाऊ. वजनाने साधारण दहा टक्के मॉर्फिन, त्याहून कमी कोडीन, थेबेन, नॉस्कॅपिन, पॅपॅव्हरिन. झाड हे सगळं टायरोसिन नावाच्या साध्या अमिनो आम्लापासून बनवतं. मॉर्फिन प्रथम वेगळं केलं ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या विशीतल्या औषधविक्याच्या मदतनिसाने. वनस्पतीतून शुद्ध काढलेला हा पहिला अल्कलॉइड. पुढे त्याने तीन तरुणांना आणि स्वतःला अर्धा ग्रेन, म्हणजे तीसेक मिलिग्रॅम दिलं, थोड्या वेळाने पुन्हा अर्धा, मग पुन्हा. पाऊण तासात एकूण नव्वद-एक मिलिग्रॅम. सगळे ग्लानीत गेले. घाबरून त्याने व्हिनेगर पाजून उलट्या करवल्या. आज आम्ही डॉक्टर नव्या रुग्णाला पाच-दहा मिलिग्रॅमने सुरुवात करतो, चार तासांनी पुढचा डोस. त्या चौघांचं नशीब.

मॉर्फिन काम कसं करतं हे कळायला १९७३ साल उजाडलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत त्याच्यासाठी ठरलेले रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ते बसायच्या जागा सापडल्या. झाडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत जागा राखलेली का असावी? दोन वर्षांनी अ‍ॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी उत्तर दिलं: शरीर स्वतःच असे पदार्थ बनवतं, एन्केफॅलिन. मॉर्फिन त्यांच्या जागी जाऊन बसतं. मज्जारज्जूत बसलं की वेदनेचा निरोप वर जाताना दबतो. मेंदूच्या तळाशी श्वासाचं केंद्र आहे, तिथे जास्त बसलं की श्वास मंदावतो. अतिमात्रेने माणूस दगावतो तो असा. नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध मॉर्फिनला तिथून हुसकावतं. आतड्यातही हेच रिसेप्टर आहेत, त्यामुळे बद्धकोष्ठ. म्हणजे जुन्या वैद्यांचा अतिसारावरचा उपाय आणि आजचा दुष्परिणाम एकच. वेदनाशमनाची शरीराला सवय होऊ शकते, मळमळ काही दिवसांत जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. कोडीनचं तर यकृतात मॉर्फिन व्हावं लागतं. काहींच्या यकृतात ते होतच नाही, त्यांना कोडीन दिलं काय आणि न दिलं काय.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यायचं मॉर्फिन सांगितलं. आपण एक वर्ष आधीच एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा केला होता. दहा वर्षांची किमान शिक्षा आणि निरनिराळ्या खात्यांचे परवाने. औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी हात वर केले. १९९७ मध्ये साऱ्या देशात वैद्यकीय मॉर्फिन लागलं सुमारे १८ किलो. जगाला अफू निर्यात करणाऱ्या देशात! व्यसनाची भीती खोटी नाही; अमेरिकेत अशा गोळ्यांच्या व्यसनाने काय झालं ते आपण पाहिलं. पण कॅन्सरच्या रुग्णाला मोजून, वेळेवर, लक्ष ठेवून दिलेलं मॉर्फिन आणि कोणाही पाठदुखीवाल्याला महिनोन्‌महिने लिहून दिलेल्या गोळ्या या एक गोष्ट नव्हेत. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. तरी जिल्ह्याच्या गावी अजूनही ‘आमच्याकडे नाही, मुंबईला टाटाला जा’ हे उत्तर मिळतं, कारण ती मान्यता घ्यायला अर्जच केलेला नसतो.

तेव्हा घरात अशी वेळ आली तर डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल थेट विचारा. तुमच्या जिल्ह्यात मान्यता कोणत्या रुग्णालयाकडे आहे याची चौकशी एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करा. आणि गोळ्या सुरू झाल्या की चिठ्ठीवर सोबत पोट साफ ठेवणारं औषध लिहिलंय का ते बघा. राहून गेलं असेल तर तिथेच लिहून घ्या, दुसऱ्या खेपेवर ढकलू नका.