थडीथडीनं : ओझर ते नांदूरमध्यमेश्वर, सायकलवर

(पडदा काळा. सायकलच्या चेनची किरकिर. लांबवर एक ट्रॅक्टर.)

पहाटेचे पावणेसहा. जानेवारीचा शेवटचा आठवडा. ओझरला मुंबई-आग्रा महामार्ग सोडला आणि कसबे सुकेण्याच्या रस्त्याला लागलो. ट्रकांची घरघर थोड्याच वेळात मागे पडली. हातमोजे घालूनही बोटं बधिर झालीयत. ब्रेक लागला की नाही, ते सायकल थांबल्यावरच कळतं.

हा निफाड तालुका. हिवाळ्यात बातम्यांमध्ये ‘राज्यातलं नीचांकी तापमान निफाडला’ असं ऐकता ना, तोच. तो आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाला नाही.

(दृश्य: बागेत पेटलेल्या शेकोट्या. धूर ओळींमधून जमिनीलगत सरकतोय.)

या शेकोट्या माणसांसाठी नाहीत. पारा फार उतरला की भरत आलेले मणी तडकतात. म्हणून शेतकरी अंधारातच उठतो, बागेत काडीकचरा पेटवतो, ठिबक सोडतो. विहिरीचं पाणी या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. तेवढाच वेलाला आधार.

‘द्राक्षबागांमधून सायकल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाईनचे पेले येतात. ती दुनिया नाशिकच्या दुसऱ्या अंगाला, गंगापूर धरणाकडे आणि दिंडोरीकडे. इकडची द्राक्षं मुख्यतः खायची. थॉमसन, सोनाका, शरद. इथे पेला हलवून वास घेणारं कोणी भेटत नाही. भेटतो तो औषध फवारायचा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर, आणि ‘आज रोजानं बाया किती आल्या’ म्हणून फोनवर ओरडणारा बागवाला.

कसबे सुकेणे जवळ आलं आणि मागचं चाक बसलं. टायर काढून पाहिलं, तर आत बोटाच्या पेराएवढा तारेचा तुकडा. मांडवाची तार. या रस्त्यांवर बाभळीच्या काट्याइतकीच तिचीही भीती, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पण चाक बसलं ते बरोबर जागी. समोरच्याच बागेत काढणी चालली होती.

(दृश्य: घड, कात्री, बोटं. अगदी जवळून.)

कात्री लहानशी. बाई घड देठाला धरते, मण्याला बोट लावत नाही. मण्यावर पांढुरका, मेणासारखा थर असतो, तो तिला जपायचाय. बोट लागलं की तिथे डाग. डाग पडला की घड परदेशी जाणाऱ्या पेटीतून बाहेर. काही घडांना कागद गुंडाळलेले दिसले. रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन यांच्या ओढाताणीत हिरवे मणी गुलाबी पडतात, म्हणून हे पांघरूण. एका एकरात घड हजारोंनी, आणि प्रत्येकाला कागद हातानंच.

बागेचे मालक साठीच्या पुढचे, कानाला मफलर. मी घाईघाईनं ट्यूब बदलत होतो. म्हणाले, “भाऊ, आधी चहा घ्या. चाक काय पळून चाललंय का?”

चहा पिता पिता कळलं की समोर लटकतोय तो घड खरं तर गेल्या उन्हाळ्यातला आहे. युरोपातला वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. आपल्या हवेत तो झोपतच नाही. म्हणून वर्षातून छाटण्या दोन, पीक एकच. माल निघाला की एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, वेल पार बोडका. मग उन्हाळ्यात जी नवी काडी येते तिच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या कोंबात, घड धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी झाली, डोळा फुटला, की आत काय होतं ते दिसतं. “एप्रिलची चूक दसरा-दिवाळीला कळते,” आजोबा म्हणाले. “तोवर खत, औषध सगळं घालून झालेलं असतं.”

मण्यांत शुगर, म्हणजे गोडी, किती आली, विचारलं. सतरा. भाव विचारला, तर त्यांनी कप खाली ठेवला. व्यापारी काल येऊन गेला होता. रोख देतो म्हणाला, पण पैसे हातात पडेपर्यंत आमच्या लेखी माल उधारीचाच, असं म्हणून ते पुन्हा बाया कुठवर आल्या ते बघायला उठले. माल उचलून गायब झालेल्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी या पट्ट्यात हंगामागणिक ऐकू येतात. निघताना त्यांनी एक घड हातावर ठेवला. कागदासकट. मी तो कापडी पिशवीत घालून हँडलला अडकवला.

मौजे सुकेण्यात महानुभावांचं दत्तमंदिर आहे. बाहेर सायकल लावून पायरीवर टेकलो, आणि तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा आवाज. विमान दिसलं ते आवाजाच्या कितीतरी पुढे. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना, तिथे सुखोई लढाऊ विमानं बांधली गेली. शांत रस्त्याचं चित्रण करायला निघालेल्या माणसानं हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. पायरीवरच्या म्हातारीनं मानसुद्धा वर केली नाही.

(दृश्य: चांदोरी. गल्ली, जुन्या भिंती, ओट्यावर वाळत घातलेलं धान्य.)

चांदोरी. छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मोठा रस्ता ओलांडून गावात शिरलं की नदीपर्यंत सगळा उतार. अठराव्या शतकात दिल्लीत बादशहाच्या दरबारी पेशव्यांचे वकील होते हिंगणे. मूळचे नाशिकचे तीर्थोपाध्ये. बाजीरावाच्या काळात महादेवभट हिंगणे ही वकिली करत. त्यांच्यामागे मुलांनी तीच चालवली. त्या घराण्याचा वाडा या गावात. दिल्लीत कोण कोणाला मिळालंय, खजिन्यात किती उरलंय, अब्दाली कुठवर आलाय, असल्या खबरांची त्यांची पत्रं ‘हिंगणे दफ्तर’ म्हणून छापली गेली आहेत, आणि पानिपतचा अभ्यास करणाऱ्याला ती चाळावीच लागतात. गोदाकाठच्या या उतारावरून दिल्लीचं राजकारण चालवणाऱ्या घराण्याचा दबदबा कसा असेल, हे मी सायकल हातात धरून चालताना मनाशी जुळवत होतो. दूधवाला मागून हॉर्न देत होता.

(दृश्य: गोदावरीचं रुंद, संथ पात्र. कॅमेरा हलत नाही.)

काही दिसतंय? नाही ना. आमच्या कॅमेरावाल्यानंही तीनदा विचारलं, “नक्की इथंच ना?”

इथंच. या पाण्याखाली दगडी मंदिरं आहेत, हेमाडपंती घडणीची. उन्हाळ्यात पात्र आटलं की ती वर येतात. मग लोक कोरड्या पात्रातून चालत जाऊन पिंडीवर पाणी घालतात, फोटो काढतात. पावसाळा आला की पुन्हा पाणी. हे पाणी इथे थांबतं ते खाली नांदूरमध्यमेश्वरला बंधारा आहे म्हणून. इंग्रजांच्या काळातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याचा फुगवटा मागे सरकत सरकत देवळांवर चढला. मे महिन्यात आलो असतो तर तुम्हाला कळस दाखवता आले असते, पण मग बागा बोडक्या असत्या. आम्ही द्राक्षं निवडली.

पूल ओलांडला की सायखेडा. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी या दोन्ही गावांत शिरली होती. पानवेली वाहत येऊन पुलाला अडकतात आणि पाणी आणखी तुंबतं. आता मात्र नदी अशी पडून आहे की पुलावर सायकल थांबवली तर खाली मासा उडालेला ऐकू येतो.

इथून पुढचा रस्ता मला सगळ्यांत आवडला, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यांत कमी आहे. बागा विरळ होतात. ऊस, कांदा, गहू. म्हाळसाकोरे, मांजरगाव, चापडगाव. बैलगाडीला वाट देत, कुत्र्यांना हाडहाड करत जायचं. या भागात खानगाव थडी नावाचं एक गाव आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. शब्द पुस्तकात वाचला होता. इथे तो पाटीवर, मैलाच्या दगडावर लिहिलेला.

(दृश्य: चापडगावचा निरीक्षण मनोरा. समोर पाणी, गवत, पुन्हा पाणी.)

आणि ही ती जागा, जिथे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा पाणी धरतो. गोदावरी आणि कादवा इथे एकमेकींना मिळतात. बांधला शेतीसाठी. त्याचे कालवे खाली कोपरगाव, राहात्याकडे गेले. पण शंभर वर्षांत पाण्यामागे गाळ साठला. पात्र उथळ झालं, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या लेखी हे नुकसानच, पण पक्ष्यांना याहून चांगली जागा सापडली नसती. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आलेत का, हा प्रश्न इथे येणारा प्रत्येक जण विचारतो. मी पाहिले ते वारकरी. काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि शेकड्यांनी एका दिशेनं चाललेले. या पक्ष्याचं मराठी नाव ज्यानं ठेवलं त्याला आषाढातला रस्ता चांगला माहीत असणार. त्यांच्यातच थापट्या बदकं चोच पाण्यात खुपसून गोल गोल फिरत होती. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यात पाय उचलून उचलून टाकत होत्या, चिखल आवडत नसल्यासारख्या.

नांदूरमध्यमेश्वर गावात मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. रामानं मारीच राक्षसाला, म्हणजे त्या सोन्याच्या हरणाला, इथे बाण मारला असं लोक सांगतात. देवळात गेलो, पण तिथलं चित्रण जमलं नाही. बॅटरी संपली होती.

दुपारी काठावर बसून पिशवी उघडली. खड्ड्यांनी खालचे मणी फुटले होते, कागद भिजून घडालाच चिकटलेला. वरचे मणी धड होते, आणि त्यांच्यावरचा पांढुरका थर पिशवीला घासून पार गेला होता. ते खाल्ले. बोटं नदीत धुतली. पिशवीतून गळलेला रस मात्र वाटभर फ्रेमवरून ओघळून चेनपर्यंत पोचला होता, त्यावर रस्त्याची धूळ बसलेली. पुसायला फडकं नव्हतं. परतीचे चाळीसेक किलोमीटर ती तशीच वाजत राहिली.

(पडदा काळा. चेनचा आवाज, आता जरा चिकट.)