दिवा विझला की परत

[दृश्य: काळोख. दगडी बांधावरून सरकणारा पांढरा झोत. ओल्या गवतात एक तांबूस ठिपका.]

निवेदन:
नॉर्थम्बरलँड. इंग्लंडच्या उत्तर टोकाचा, मेंढरांचा आणि दगडी बांधांचा परगणा. नोव्हेंबर महिना, अमावस्येला लागून आलेली रात्र. वारा समोरून, ढग खाली उतरलेले, मधूनच भुरभुर पाऊस. झोतावरच्या शिकारीला, म्हणजे रात्री दिव्याच्या झोतात ससा शोधून त्यावर कुत्रं सोडण्याला, अशीच रात्र लागते. चांदणं असलं तर माणूस आणि कुत्रं दोन्ही सशाला दुरून दिसतात. वारा पडलेला असला की बुटाखालचा चिखलसुद्धा ऐकू जातो.

तो तांबूस ठिपका म्हणजे सशाचा डोळा. एकच दिसतो, कारण सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि तो बहुतेक वेळा आडवा बसलेला असतो. मेंढीचे डोळे हिरवट-निळे, आणि एकटी मेंढी क्वचितच दिसते. कोल्ह्याचे फार तेजस्वी, आणि ते एका जागी राहत नाहीत. हा फरक कळल्याशिवाय दोरी सोडायची नाही.

[दृश्य: सकाळ. शेताच्या फाटकाशी उभी कुत्री. राठ, करडे केस. कॅमेरा पायांपासून पाठीपर्यंत वर जातो.]

निवेदन:
ही लर्चर. 11 महिन्यांची, खांद्यापाशी 24 इंच. लर्चर ही कागदोपत्री जात नाही, कामासाठी केलेला संकर आहे. एका बाजूला ग्रेहाउंड, व्हिपेट किंवा सलुकीसारखं नजरेवर धावणारं कुत्रं, दुसऱ्या बाजूला मेंढपाळाचं कोली नाहीतर बेडलिंग्टन टेरिअर. बेडलिंग्टन हे गाव याच परगण्यातलं. हिची आई ग्रेहाउंड, बाप कोली. पायातला वेग आईचा. पण या कुत्रीची खरी किंमत बापाकडून आलेल्या गोष्टीत आहे: हाकेला वळणं.

नवखी माणसं वेग बघून पिल्लू निवडतात. ससा काही वेगानं सुटत नाही, तो वळणावर हुलकावणी देऊन सुटतो. सरळ रेषेत सुसाट जाणारं कुत्रं चार पावलं पुढे निघून जातं आणि वळेपर्यंत ससा बिळात असतो.

[दृश्य: शेताची कड. कुंपणालगत पंधरा-वीस पावलांचा पट्टा, कोवळा गहू मुळापर्यंत खाल्लेला.]

निवेदन:
ससा या बेटावर मूळचा नाही. नॉर्मन लोकांनी तो इथे मांसासाठी आणि कातड्यासाठी पाळायला आणला, राखलेल्या वाड्यांमधून तो निसटला आणि देशभर पसरला. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ केंटमध्ये शिरली आणि काही वर्षांत बहुतेक सगळे ससे मेले. उरलेल्यांची प्रजा पुन्हा वाढली. कडेचा हा पट्टा त्यांनीच खाल्लेला.

हा बिळात, वस्ती करून राहणारा ससा. आपल्या माळरानावरचा रानससा बीळ खणत नाही, उघड्यावर बसतो. इंग्लंडातही तसा रानससा आहे, आणि 2004 च्या हंटिंग ॲक्टनं त्याच्यामागे कुत्रं सोडायला बंदी आहे. बिळातल्या सशाला त्याच कायद्यात सूट आहे, पण जमीनमालकाच्या परवानगीनंच. परवानगी लेखी घ्यावी आणि खिशात ठेवावी. परवानगीशिवाय रात्री ससे धरणं 1828 पासून गुन्हा आहे. स्कॉटलंडचा कुत्र्यांनिशी शिकारीवर बंदी घालणारा 2023 चा कायदा मात्र बिळातल्या सशालाही लागू होतो, आणि ती सीमा या शेतापासून लांब नाही. आपल्याकडे मराठवाड्यातल्या कारवानी कुत्र्यांची घडण लर्चरच्याच धाटणीची. मात्र भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बंद आहे.

[दृश्य: घरातला अरुंद बोळ. आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू, तोंडात गुंडाळलेला मोजा.]

निवेदन:
शिक्षण सुरू होतं इथे. बोळाची दोन्ही दारं बंद, माणूस खाली बसलेला. मोजा फेकायचा, पिल्लू धावत जातं, उचलतं आणि परत येतं, कारण दुसरीकडे जायला वाटच नाही. दिवसाला तीन-चार फेका, बस्स. पिल्लू कंटाळण्याआधी थांबायचं. आणि मोजा हिसकायचा नाही. पाठीवर हात ठेवायचा, हनुवटीखाली कुरवाळायचं, त्याला तोंडात धरून मिरवू द्यायचं, मग हळूच घ्यायचा. ओढाओढीचा खेळ घरातल्या मुलांनी एकदा लावला, की पुढे तेच कुत्रं ससा दाबून धरतं, आणि चेपलेल्या बरगड्यांचं मांस कोणी विकत घेत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मोज्यावर वाळवलेलं सशाचं कातडं बांधतात. मग बोळ सोडून अंगण, अंगण सोडून कुरण.

[दृश्य: कुरण. मेंढरांच्या कळपातून पट्टा ढिला सोडून चालणारं पिल्लू. मेंढ्या पाय आपटतात.]

निवेदन:
चौथ्या महिन्यापासून रोज हे. पट्टा ढिला, माणूस गप्प. पिल्लानं मेंढीकडे टक लावली रे लावली की "लीव्ह!" आणि पट्ट्याला एक झटका. धावायला लागल्यावर ओरडून उपयोग नाही, नजर अडकते तेव्हाच तोडायची. रात्रीच्या झोतात शंभर मेंढ्या उठून पळतात, तेव्हा कुत्रीनं त्यांच्यातून वाट काढत एका सशावर डोळा ठेवायचा असतो. मेंढरांमागे लागलेलं कुत्रं शेतकऱ्यानं गोळी घालून मारलं, तर इंग्लंडच्या 1971 च्या कायद्यात त्याला बचाव आहे.

[दृश्य: दगडी बांधावरून उडी. संथ गती.]

निवेदन:
उडी सहाव्या-सातव्या महिन्यापासून, पण गुडघ्याएवढ्या फळीवरून. हाडांची टोकं अजून कोवळी असतात. असा पुरता बांध वर्षाच्या आत घालू नये. या कुत्रीला तो घातला आहे, कारण पलीकडची जमीन उंच आहे आणि उतरताना धक्का कमी बसतो. काटेरी तार दिसली की थांबायचं आणि माणसानं उचलून पलीकडे ठेवायचं, असं तिला शिकवलेलं आहे.

[दृश्य: टेबल. बॅटरी, दिवा, दोरी, पाण्याची बाटली. कॅमेरा दोरीवर.]

निवेदन:
सामान थोडं. जुनी पद्धत म्हणजे पाठीवर 12 व्होल्टची, 7 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी, अडीच किलोच्या आसपास, आणि हातात तारेनं जोडलेला दिवा. आता लिथियमची बॅटरी आणि एलईडी आले, वजन निम्म्याहून खाली गेलं. दिवा निवडताना झोत किती लांब जातो हे विचारण्यापेक्षा बटण बघावं. अंगठा दाबला की लागणारं आणि अंगठा उचलला की विझणारं हवं, टक् असा आवाज न करणारं.

आता ही दोरी. गुळगुळीत नायलॉनची, दीड मीटरची. एका टोकाला फास, तो मनगटात. दुसरं टोक गळपट्ट्याच्या कडीतून ओवून त्याच मुठीत. मूठ उघडली की मोकळं टोक कडीतून सरकत निघून जातं आणि कुत्री सुटते. मोकळ्या टोकाला गाठ मारायची नाही. सुटणारी कुत्री दुसऱ्याच उडीला वेगात असते. गाठ कडीत अडकली तर ती मानेवर आपटते, आणि पुढचा महिनाभर दोरी दिसली तरी मागे सरते. दोरी भिजून फुगली, टोक उसवलं, तर तेवढं कापून लायटरनं वितळवून घ्यायचं.

[दृश्य: रात्र. अवरक्त कॅमेरा. माणूस पुढे वाकलेला, कुत्री मांडीला चिकटून.]

निवेदन:
नवव्या महिन्यापासून पहिले काही आठवडे कुत्री फक्त बरोबर चालते. झोत लागतो, ससे दिसतात, पळतात, झोत विझतो. कुत्री दोरीवरच. ती कुंईकुंई करायला लागली तर पाठ फिरवून घरी. दुसरी कुत्री धावताना तिला दोरीवर धरून ठेवणं ही या टप्प्यातली सगळ्यात वाईट चूक. तिथे लागलेली किंकाळी आयुष्यभर जात नाही, आणि अर्धं शेत आधीच बिळात पळतं.

[दृश्य: झोत लागतो. विझतो. पुन्हा लागतो, आता जवळून. ससा दबून बसलेला, कान पाठीला चिकटवून.]

निवेदन:
वारा तोंडावर घेऊन, कुंपणाच्या कडेनं. झोत दोन सेकंद फिरवायचा, ठिपका सापडला की विझवायचा. अंधारात तीस पावलं. पुन्हा लावायचा. ससा आणि त्याचं बीळ यांच्यामध्ये आपण येतोय का, हे बघत तिरकं चालायचं.

हा बघा. दबून बसलेला, वीस-पंचवीस पावलांवर. पहिल्या रात्री असाच ससा हवा. उठून कुंपणाकडे निघालेल्यावर नवखी कुत्री सोडली, तर ती हरणार हे ठरलेलंच. चाळीस मीटरपलीकडचा तर तिच्यासाठी नाहीच.

[दृश्य: मूठ उघडते. दोरी सरकते. कुत्री झोताच्या कडेनं. ससा उठतो, वळतो, वळतो. संगीत नाही.]

निवेदन:
दिवा डोक्याच्या वर, कुत्रीच्या बरोबर मागून. बाजूनं धरला तर तिच्याच सावलीत ससा हरवतो. झोत सशावर, आणि सशाच्या थोडा पुढेही, म्हणजे वळायची जमीन तिला दिसते.

[दृश्य: ससा कुंपणात शिरतो. झोत तत्क्षणी विझतो. काळा पडदा. श्वासाचा आवाज. कुत्री पायाशी.]

निवेदन:
सुटला. आणि दिवा त्याच क्षणी विझला.

सगळं शिक्षण या अंधारासाठी होतं. दिवा लागला म्हणजे काम, दिवा विझला की परत. कुंपणात शिरलेल्या सशावर माणसानं झोत धरून ठेवला, तर कुत्री काट्यांत डोकं घालते, वास घेत पुढे जाते आणि काही रात्रींत स्वतःच अंधारात शोधत फिरायला शिकते. शेतातले ससे उठवून झाल्यावर ती परत येते आणि माणूस तिला शिव्या देतो. सवय त्यानंच लावलेली असते.

परत आली की आधी शाबासकी, ससा असो नसो. ससा घेऊन येत असली तर झोत तिच्या तोंडावर टाकायचा नाही. डोळे दिपतात, तार दिसत नाही. आपल्या पायापुढच्या गवतावर उजेड पाडायचा, ती त्या उजेडाकडे येते.

[दृश्य: कुत्री ससा तोंडात घेऊन येते. हात. थोडा वेळ स्थिर दृश्य.]

निवेदन:
ससा जिवंत हातात येतो, आणि लगेच मान मोडून संपवला जातो. प्राणिहक्कवाल्यांचा या सगळ्यालाच विरोध आहे.

[दृश्य: फाटकाच्या दांड्याला मागच्या पायांनी अडकवलेले ससे. चाकू, पातेलं.]

निवेदन:
अंगठ्यानं पोट दाबून मूत्राशय रिकामं करायचं, नाहीतर मांसाला वास लागतो. जागेवरच आतडी काढायची. मग एका मागच्या पायाच्या शिरेमागे चीर देऊन दुसरा पाय त्यातून ओवायचा, म्हणजे काठीवर अडकवून नेता येतात. थंड रात्री सकाळपर्यंत कातडं राहू द्यावं.

पहिल्या रात्री दोन, फार तर तीन वेळा सोडायचं. एक ससा मिळाला तर तिथेच थांबायचं. "अजून एक" या मोहात बिघडलेली कुत्री या परगण्यात खूप सापडतील. सात-आठ महिन्यांच्या पिल्लाला रोज रात्री पळवलं, रोज हरवलं, की ते वैतागून धावता धावता भुंकायला लागतं. भुंकण्यात दम जातो आणि ससे सावध होतात. त्यावर औषध जवळजवळ नाही.

[दृश्य: तीन माणसं एका रांगेत. एकाच्या हातात दिवा, एकाच्या हातात कुत्री, तिसऱ्याच्या पाठीवर झोळी.]

निवेदन:
एकट्यानं जायचं तर उजव्या हातात दिवा, डाव्यात दोरी. दोन्हींचा मालक एकच असल्यानं चूक कमी होते. सोबती असले तर दिवा एकाकडेच, आणि बोलणारं तोंडही एकच. दोघांनी दोन हाका मारल्या की कोवळी कुत्री मधेच उभी राहते. तिसऱ्यानं झोळी धरून मागे राहावं, गप्प. मैत्रीत सगळ्यात अवघड तेवढंच असतं.

आणि दोन कुत्री एकत्र सोडायची नाहीत, निदान पहिल्या मोसमात. मोठ्या कुत्र्यामागे धावणारी लहान वळायला शिकत नाही, वाट बघायला शिकते. पकडलेल्या सशाची ओढाताण होते. आणि एकाच सशावर दोन बाजूंनी आलेली कुत्री अंधारात एकमेकांवर आदळली, तर एखादं उठत नाही.

[दृश्य: गोठा. कोमट पाण्याचं भांडं. पंजाची बोटं एकेक करून उघडली जातात.]

निवेदन:
घरी आल्यावर पाय. मिठाच्या कोमट पाण्यात धुऊन प्रत्येक बोट वाकवून बघायचं. कुत्री झटकन पाय ओढून घेते तो सांधा दुखावलेला. मनगटामागची गादी बघायची, वळताना तीच फाटते, आणि अंगठ्याचं नख. काखेत आणि जांघेत हात फिरवायचा, तारेची त्रिकोणी फाट केसांखाली लपते. ओरखडा घरी धुता येतो, फाट टाक्यांसाठी डॉक्टरकडे. जमीन गोठली असेल त्या रात्री जायचंच नाही, बोटं तिथेच जातात.

पाणी घोटघोट. खाणं धापा पूर्ण थांबल्यावर, आणि निघण्याआधीचे चार-पाच तास पोट रिकामं, नाहीतर पोट फुगून पिळा पडायची भीती.

आठवड्याला एकच रात्र, आणि तेच शेत तीन-चार आठवडे नाही. नाहीतर ससे दिव्याला सरावतात, झोत लागताच पळ काढतात, आणि कोवळ्या कुत्रीच्या वाट्याला नुसती हार येते. मार्चमध्ये दिवा बंद: मेंढ्या व्यायला लागतात आणि शेतकरी कुत्रं कुरणात येऊ देत नाही. सप्टेंबरमध्ये, कापणी झालेल्या शेतांवर, ही 21 महिन्यांची असेल. कापलेले खुंट पायाला टोचतात, म्हणून तेव्हाही सुरुवात गवतावरच.