सोळा तास एका आरशावर

श्रोतेहो, नमस्कार. घरात आजीची काशाची वाटी असेल तर ती डोळ्यांसमोर आणा. तांबं आणि कथील मिळून कासं होतं. त्यात कथील आणखी वाढवलं, दोन भाग तांब्याला जवळजवळ एक भाग, की धातू चांदीसारखा पांढरा होतो आणि काचेसारखा ठिसूळही. सुरुवातीच्या परावर्तक, म्हणजे भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणाऱ्या, दुर्बिणींचे आरसे याच जातीच्या धातूचे.

इंग्लंडातल्या बाथ गावी विल्यम हर्शल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, गाणं शिकवायचे. उरलेला वेळ आरशांचा. मैफलीतून आले की कपडे न बदलताच कामाला बसायचे. बाह्यांच्या झालरी फाटायच्या, नाहीतर वितळलेल्या डांबराने माखायच्या. ते डांबर झिलईसाठी लागे. ही तक्रार धाकट्या बहिणीची, कॅरोलिनची. तिने हे सगळं लिहून ठेवलं म्हणून तर आपल्याला कळतं.

एकदा सात फुटी, म्हणजे सात फूट लांबीच्या, दुर्बिणीचा आरसा पुरा करताना विल्यमनी सलग १६ तास त्यावरचा हात उचलला नाही. शेवटच्या झिलईतच आरशाला नेमका खोलगटपणा येतो. तो केसाच्या जाडीहून कितीतरी कमी चुकला तरी तारा फिसकटतो. मग कॅरोलिन त्यांच्या तोंडात घास भरवत राहिली. सात फुटी दुर्बिणीतूनच त्यांना १३ मार्च १७८१ रोजी युरेनस दिसला.

मग हाव वाढली. त्याच वर्षी तीन फूट व्यासाचा आरसा घरातच ओतायचं ठरलं. साच्यासाठी घोड्याची लीद हवी, ती खलात कुटून बारीक चाळलेली. कुटायचं कुणी? अर्थात कॅरोलिनने! रॉयल सोसायटीचे सदस्य विल्यम वॉटसन आले, की तिच्या हातातला बत्ता घेऊन स्वतः कुटू लागत. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीतूनच रस गळला, जमिनीच्या फरश्या फुटून छतापर्यंत उडाल्या आणि सगळे दाराकडे पळाले.

एवढं करून जमलेला आरसाही पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन तृतीयांश परत पाठवायचा. शिवाय दमट हवेत काळवंडायचा. पुन्हा झिलई केली की आकार पुन्हा नव्याने साधायचा, म्हणजे मूळ कष्ट परत पहिल्यापासून.

१८५६-५७च्या सुमारास काचेवर चांदी चढवलेले आरसे आले. चांदी काळी पडली तर धुऊन नवी चढवायची. खालच्या काचेला हात लावायचा नाही.