पोटॅशियम ६.८ : आधी सॅम्पल वाचा, मग रिपोर्ट

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे असतो. याच दिवसांत अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त कधी मोटारसायकलवरून, कधी एसटीतून शहरातल्या लॅबमध्ये पोचतं. संध्याकाळी रिपोर्ट हातात पडतो : पोटॅशियम ६.८. नॉर्मल रेंज साधारण ३.५ ते ५.१ मिलिमोल प्रति लिटर. हा आकडा खरा असेल, तर हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात आणि पेशंटला लगेच दवाखान्यात न्यावं लागतं. खोटा असेल आणि त्यावर औषधं सुरू झाली, तर चांगल्या माणसाचं पोटॅशियम नको तितकं खाली जातं. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), बीएस्सी, एमबीबीएस करणारे विद्यार्थी आणि ज्यांच्या घरी दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येतात अशी मंडळी, सगळ्यांसाठीच आज या एका आकड्यापासून सुरुवात करतो.

पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असतं. आत साधारण १४० ते १५०, बाहेर रक्तद्रवात जेमतेम ४. हा फरक टिकवायला पेशीच्या भिंतीवरचा सोडियम-पोटॅशियम पंप सतत चालू असावा लागतो. तांबड्या पेशी त्यासाठी लागणारी ऊर्जा ग्लुकोज जाळून मिळवतात. ट्यूबमध्ये गेलेल्या पेशी जिवंतच असतात आणि त्यांचं हे काम तिथेही चालू राहतं. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

आता त्याच रिपोर्टवरचे बाकीचे आकडे बघा. सिरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) गुलाबी किंवा लालसर दिसतंय, एलडीएच आणि एएसटी ही पेशींच्या आतली एन्झाइम वाढलीत, फॉस्फरसही वर आहे. म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यात, सॅम्पल हिमोलाइज्ड आहे. बारीक सुई वापरली, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, किंवा सुईतूनच रक्त दाबून ट्यूबमध्ये सोडलं की हे होतं. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं, ट्यूब खळखळा हलवली, तरीही होतं. सिरिंजने रक्त घेतलं असेल तर सुई काळजीपूर्वक काढून, ट्यूबचं टोपण उघडून, रक्त भिंतीवरून हळू सोडायचं. मिसळण्यासाठी ट्यूब फक्त उलटसुलट करायची : जांभळ्या टोपणाची आठ ते दहा वेळा, क्लॉट ॲक्टिव्हेटरवाली (रक्त गोठवणारा पदार्थ असलेली) पाच वेळा, निळी तीन-चार वेळा.

दुसरा प्रकार : सिरम स्वच्छ, पिवळसर. एलडीएच ठीक, ग्लुकोजही ठीक, फक्त पोटॅशियम वाढलेलं. इथे विचारायचं, की ट्यूब सेंट्रिफ्यूज न करता (यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करता) बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवली होती का? हा घोळ चांगल्या हेतूनेच होतो. ऊन फार आहे म्हणून सॅम्पल आणणारा मुलगा ट्यूब बर्फाच्या डब्यात घालून आणतो. पण थंडीत पंप बंद पडतो आणि पेशीतलं पोटॅशियम झिरपत बाहेर येतं. पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे सिरमकडे बघून काहीच कळत नाही. आम्हाला हा प्रकार सगळ्यांत फसवा वाटतो. बर्फ हवा असेल तर सिरम वेगळं केल्यानंतर वापरा.

तिसरा, उन्हातला. ट्यूब पाच-सहा तास गरम गाडीत राहिली. सुरुवातीला पेशी ग्लुकोज भराभर जाळतात, पंप जोरात चालतो आणि पोटॅशियम उलट थोडं खालीही जाऊ शकतं. ग्लुकोज संपत आलं की पंपाला ऊर्जा मिळेनाशी होते आणि पोटॅशियम चढायला लागतं. रिपोर्टवर दिसतं पोटॅशियम ६.८ आणि ग्लुकोज ३८, आणि पेशंट तर समोर बसून व्यवस्थित बोलतोय. साध्या खोलीच्या तापमानातही पेशींबरोबर ठेवलेल्या रक्तातलं ग्लुकोज तासाला सुमारे ५ ते ७ टक्के कमी होतं, उन्हात त्याहून वेगाने. राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड असतं ते याचसाठी. तरी त्यावर आंधळा विश्वास नको. फ्लोराइड एनोलेज हे एन्झाइम अडवतं, ते ग्लुकोज जाळण्याच्या साखळीत बरंच खाली आहे, त्यामुळे पहिला तास-दोन तास ग्लुकोज थोडं घटतच राहतं. फास्टिंग १२८ असलेल्या माणसाचं ११९ येऊ शकतं, आणि त्याचा डायबेटिस त्या दिवशी निसटतो. अर्ध्या तासात प्लाझ्मा (पेशींशिवायचा रक्तद्रव) वेगळा करणं हाच खात्रीचा मार्ग.

चौथ्या प्रकारात पोटॅशियम खूप वर, कॅल्शियम अशक्य वाटावं इतकं खाली, समजा ४.५ मिलिग्रॅम टक्के, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइमही घसरलेलं. असा माणूस झटके येऊन पडायला हवा होता, पण तो चालत घरी गेलाय. जांभळ्या ट्यूबमधलं थोडं रक्त लाल ट्यूबमध्ये गेलंय. जांभळीत पोटॅशियम-ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. ते स्वतःचं पोटॅशियम घेऊन येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त पकडून ठेवतं. अल्कलाइन फॉस्फेटेजला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, म्हणून तेही पडतं. भेसळ अगदी थोडी असेल तर कॅल्शियम फारसं हलत नाही, हेही ध्यानात असू द्या. ट्यूब भरण्याचा क्रम पाठ असावा तो याच कारणासाठी : ब्लड कल्चर असेल तर ते आधी, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी राखाडी.

रक्त घेताना दंडाला पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त बांधू नका. शीर दिसत नाही म्हणून पेशंटला मूठ उघडझाप करायला लावू नका, तेवढ्यानेही पोटॅशियम एखाद्या मिलिमोलने वर जातं. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नका.

आणि यातलं काहीच नसेल तर? क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलंय, बायकार्बोनेट कमी आहे, पेशंट रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पिरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवू शकणारी गोळी घेतोय. मग ६.८ खराच समजायचा. पुन्हा सॅम्पल मागवायचंच, पण ते येईपर्यंत ईसीजी थांबवायचा नाही.

विद्यार्थिमित्रांनो, नॉर्मल रेंजचे तक्ते पाठ करण्यात फार वेळ घालवू नका, ते रिपोर्टवर छापलेलेच असतात. प्रत्येक घटकाबद्दल चार गोष्टी शिका : तो तयार कुठे होतो, शरीराबाहेर कसा जातो, मशीन तो कसा मोजतं आणि त्या मोजणीत लुडबूड कोण करतं.

क्रिएटिनीन घ्या. ते स्नायूंतून येतं आणि किडनीतून जातं. बऱ्याच लॅब ते जाफेच्या पद्धतीने मोजतात. अल्कलाइन पिक्रेटबरोबर नारिंगी रंग येतो, ही क्रिया जाफेने १८८६ मध्ये नोंदवली. पण कीटोन आणि काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिकही तोच रंग देतात, तर बिलिरुबिन खूप असेल तर आकडा कमी येतो. डायबेटिक कीटोॲसिडोसिसच्या (डायबेटिसमध्ये रक्तात कीटोन साचलेल्या) पेशंटचं क्रिएटिनीन वाढलेलं दिसलं की पद्धत विचारा. एन्झाइमॅटिक पद्धतीत हा त्रास पुष्कळ कमी.

आता दोन माणसं. एक पंचवीस वर्षांचा तालमीतला मुलगा, दुसऱ्या विड्या वळून संसार ओढलेल्या सत्तर वर्षांच्या आजी. दोघांचं क्रिएटिनीन १.१, आणि बऱ्याच रिपोर्टवर दोघांच्याही आकड्यापुढे 'जास्त'-'कमी'ची कुठलीच खूण नसते. वय आणि लिंग धरून किडनीच्या गाळण्याचा अंदाज देणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घातलं तर मुलाचं ईजीएफआर (हाच तो अंदाज) येतं ९५ च्या आसपास आणि आजींचं ५४. ६० च्या खालचं ईजीएफआर तीन महिने टिकलं तर तो किडनीचा जुनाट आजार. आजींना गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून सर्रास डायक्लोफेनॅक हे किडनीला त्रास देऊ शकणारं औषध दिलं जातं. खूण नसली तरी डॉक्टरांना हे दिसलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

खुणेचं उलटंही होतं. रेंज ठरते निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांवर, म्हणजे शंभरातले पाच निरोगी लोक मुळातच बाहेर. वीस तपासण्यांचं पॅकेज केलं आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर ठणठणीत माणसाचाही एक तरी आकडा बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. ऑफरमधलं पॅकेज करून एका ठळक आकड्यामुळे झोप उडालेली माणसं आपण रोज बघतो.

मागच्या रिपोर्टशी तुलना करतानाही घाई नको. क्रिएटिनीन निरोगी माणसातही दिवसागणिक थोडं हलतं, शिवाय मशीनचा स्वतःचा थोडा फरक असतो. शरीराचा ५ टक्के आणि मशीनचा ३ टक्के धरला, तर दोन रिपोर्टमध्ये साधारण १६ टक्क्यांपर्यंतचा फरक काहीही न घडताही पडू शकतो. १.० चं १.१ झालं म्हणून किडनी बिघडली असं म्हणता येत नाही. १.० चं १.३ झालं तर मात्र बघावं लागेल. तुलना करायची तर शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने.

एचबीए१सीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचं, एक सांगायलाच हवं. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, ८ टक्के म्हणजे १८३. हे गणित तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते यावर उभं आहे. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटं वाढतं. आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे हे वेगळं सांगायला नको. घरच्या ग्लुकोमीटरवर सरासरी १३० आणि एचबीए१सी ८, असं विसंगत दिसलं तर डायबेटिसच्या गोळ्या वाढवण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) बघा. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर मरत असतील, तर आकडा खोटा कमी येतो.

लॅबच्या आतलं थोडं. कंट्रोलचे (आकडा आधीच माहीत असलेल्या सॅम्पलचे) आलेख आपण लिव्ही आणि जेनिंग्ज यांच्या १९५० च्या पद्धतीने काढतो आणि वेस्टगार्डच्या १९८१ च्या नियमांनी वाचतो. सलग दहा कंट्रोल मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, तर प्रत्येक जण मर्यादेत असला तरी कॅलिब्रेशन (मशीनची जुळणी) किंवा रिएजंट (तपासणीचं रसायन) सरकलंय. ग्लुकोज चार टक्क्यांनी वर सरकलं तर १२२ वाला माणूस १२७ होतो आणि त्याच्या कपाळी डायबेटिस लागतो. कंट्रोल मर्यादेत येईपर्यंत पुन्हापुन्हा चालवणं, हे अजिबात करू नका.

घरच्यांसाठी : फास्टिंगला किमान आठ तास, लिपिडसाठी सांगितलं असेल तर दहा ते बारा. साधं पाणी चालतं. चहा, तंबाखू, मिश्री नाही. एकादशीचा उपास धरून साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल तर तसं सांगा, ते फास्टिंग धरता येत नाही. पीपीचे (जेवणानंतरच्या साखरेचे) दोन तास जेवायला बसल्यापासून मोजायचे. केसांसाठी बायोटिनच्या ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील, तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन दिवस डॉक्टरांना विचारून बंद ठेवा. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटं कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त येतं, आणि थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचं चित्र उभं राहतं.

आणि पुन्हा त्या ६.८ कडे, तो खरा ठरला असेल तर. असा आकडा फक्त व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून सोडायचा नाही. डॉक्टरांना किंवा वॉर्डातल्या सिस्टरना फोन करायचा, पेशंटचं पूर्ण नाव, वय, लॅब नंबर आणि आकडा सांगायचा, आणि समोरच्याला ते सगळं परत म्हणून दाखवायला सांगायचं. 'सहा पॉइंट आठ' ऐकताना कधी 'सात पॉइंट आठ' होतं, तर कधी पोटॅशियमच्या जागी सोडियम. फोन कुणी घेतला आणि किती वाजता, हे रजिस्टरमध्ये लिहायचं, खाली सही करायची.