पेटी आधी, पेडल मागून

पेटी म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या काकांचे डोळे चमकले. काका, हार्मोनियम नव्हे! गिटारच्या अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, जोडलेला स्पीकरचा लाकडी खोका. ही पेटी कॉम्प्युटरमध्ये कशी उतरते आणि बेस गिटारला कशी लावायची, हे सांगेन असं मी पत्रिकेत छापून बसलोय. पण आधी माझं एक जुनं दुखणं.

कॉलेजचं गॅदरिंग. भाड्याचा अँप येणार होता, आला नाही. साउंडवाले म्हणाले, "अँप कशाला? वायर इकडं द्या, मिक्सरला लावतो." उसनं आणलेलं डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं, पायानं दाबायचं पेडल दाबलं, पहिली कॉर्ड छेडली आणि पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी सोडल्यासारखा आवाज. मागून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, मिक्सर बंद करा!" (हशा) तुम्ही आज हसताय, तेव्हा अख्खं कॉलेज हसलं होतं. साउंडवाल्यांनी ट्रेबल उतरवला, तर माशी घोंगडीत शिरली. पुढं वर्षभर मी पेडलं बदलत राहिलो. बिचाऱ्या पेडलचा काही दोष नव्हता. नव्हती ती पेटी.

गिटारचा बारा इंची स्पीकर जरा बहिरा असतो. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्यानं पडतो. डिस्टॉर्शनमधून निघणारी वरची करकर तो गिळून टाकतो. हॉलचे स्पीकर प्रामाणिक, ते सगळं ऐकवतात! बोस्टन बँडचे टॉम शोल्झ मुळात एमआयटीचे इंजिनिअर. 1982 मध्ये त्यांनी रॉकमन काढला, कमरेला लावायचा हेडफोन अँप. त्यात पेटीची नक्कल साध्या फिल्टरांनी केलेली होती. तो मला मिळाला असता तर... असो. चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं? बरं.

मग भराभर. देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवा, गाभारा केवढा आहे ते कानाला कळतं. इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर, तसाच: पेटी, माइक आणि खोली यांनी मिळून एका टाळीला दिलेलं उत्तर. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार सँपल (आवाजाचे नमुने) या वेगानं, 2048 सँपल घेतले तर जेमतेम 43 मिलिसेकंदांचं. गिटारचा प्रत्येक सँपल म्हणजे एक छोटी टाळी समजायची आणि सगळी उत्तरं एकावर एक रचायची, की झाली कॉम्प्युटरमधली पेटी. मात्र जोरात वाजवल्यावर स्पीकरचा स्वतःचा आवाज फाटतो, ते यात येत नाही.

माइक स्पीकरच्या पडद्याच्या मध्यावर धरला तर आवाज टोकदार, कडेला सरकवला तर मऊ. म्हणून ईक्यूला, म्हणजे खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या बटणांना, हात लावण्याआधी आयआर बदलून बघा.

आता बेस. गिटारची जाड तार 82 हर्ट्झला, बेसची 41ला. गिटारला 80-100च्या खाली कापायची सवय बेसवर नेलीत तर बेसचा पायाच जाईल. मी 150-200च्या खालचा सूर सरळ, स्वच्छ ठेवतो. डिस्टॉर्शन आणि पेटी त्याच्या वर. सरळ आणि पेटीतून आलेली, दोन्ही वाटा अख्ख्याच मिसळणार असाल तर वेळ जुळवा. माइक पेटीपासून 34 सेंटीमीटर दूर असेल तर आवाज एक मिलिसेकंद उशिरा येतो, आणि तेवढ्यानं सरळ सिग्नलशी मिसळताना 500 हर्ट्झचा सूर कापला जातो. आयआरच्या सुरुवातीची शांतता छाटा, पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटून बघा, ज्यात खर्ज भरतो ते ठेवा.

दुसरी चिठ्ठी? वाचत नाही. बेसवाला पोरगा मघापासून ताटकळलाय. ये रे, आधी पेटीशिवाय वाजव. साउंडवाले दादा, तुम्ही ट्रेबल आहे तिथंच राहू द्या.