ड जीवनसत्त्वाची गोळी कुणाच्या कामाची?

नमस्कार श्रोतेहो. रक्ततपासणीचा कागद हातात येतो, ड जीवनसत्त्वाच्या ओळीसमोर 'कमी' असं छापलेलं असतं, आणि कंबरदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्याचं खापर त्या एका ओळीवर फुटतं.

कॅल्शियम आतड्यातून शोषलं जायला हे जीवनसत्त्व लागतं, आणि त्याच्या अभावाने होणारा मुलांचा मुडदूस त्यानेच बरा होतो. इथवर वाद नाही. हृदयविकार, कर्करोग, मधुमेह असलेल्यांच्या रक्तातही ते कमी आढळतं. पण आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, ऊन कमी घेतो. वजन जास्त असलं तरी पातळी उतरते. मग आजार आधी की कमतरता आधी? नुसत्या पाहणीतून ते कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला खरी गोळी द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी.

अमेरिकेत 'व्हायटल' नावाच्या चाचणीत २५,८७१ जणांवर हे झालं. रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून थोडं अधिक. २०१८ साली निकाल आला: कर्करोग आणि हृदयविकाराचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच. २०२२ मध्ये कळलं की हाडं मोडण्याचं प्रमाणही घटलं नाही. स्वतःच्याच पेशींवर उलटणारे, म्हणजे संधिवातासारखे काही आजार मात्र थोडे कमी दिसले. अर्थात ही माणसं कमतरता आहे म्हणून निवडलेली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

कारण १९९२ साली फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या आज्यांना रोज ८०० युनिट आणि सोबत कॅल्शियम दिलं, तर खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण खरोखर उतरलं. ज्यांच्यात उणीव होती, त्यांना फायदा झाला.

आणि एकदम भरपूर घेतलं तर? ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले. २०१० साली निकाल लागला: त्या जास्त पडल्या, हाडंही जास्त मोडली. मला हा निकाल सगळ्यात बोलका वाटतो.

अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोन्सच्या तज्ज्ञांच्या संघटनेने, २०२४ मध्ये सांगितलं, की धडधाकट प्रौढांनी या जीवनसत्त्वाची तपासणी सरसकट करू नये. मुलं, गर्भवती, पंचाहत्तरीपुढचे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे, यांना मात्र पूरक मात्रा सुचवली. तुम्हाला डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर हे ऐकून ती बंद करू नका. 'आपण किती दिवस घ्यायची आणि कशासाठी?' एवढं त्यांना जरूर विचारा.