गोळीला तिथी कळत नाही

नमस्कार श्रोते मंडळी. आज दशमी, उद्या आषाढी. इंदूरच्या मराठी घरांमध्ये या वेळी साबुदाणा भिजत पडला असेल. ज्या घरात तो भिजवायचा राहिला असेल, तिथे रात्री अकरा वाजता कुणाच्या तरी नावाने ठणाणा होईल. आमच्या घरी तो माझ्या नावाने होतो.

मी औषधांच्या दुकानाचा माणूस. बत्तीस वर्षं काउंटरच्या आत उभा राहिलो, आता मुलगा उभा राहतो. या काउंटरवरून पंचांग फार चांगलं दिसतं. आषाढीला, महाशिवरात्रीला, नवरात्रात कोण काय न्यायला येतं ते मला पाठ आहे. दशमीला लोक ॲसिडिटीच्या गोळ्या नेतात, म्हणजे उद्या काय होणार ते त्यांना माहीत असतं. आणि द्वादशीला दुपारनंतर माणसं शुगर तपासायच्या पट्ट्या मागतात, चेहरा उतरलेला असतो. पण दशमीला येऊन "काका, उद्या उपास आहे, शुगरच्या गोळीचं काय करू?" असं विचारणारा वर्षातून एखादा. मला आज एवढंच सांगायचंय. गोळीचं आदल्या दिवशी विचारा. उपासाच्या दिवशी सकाळी नाही, आदल्या दिवशी.

हे मला दुकानात बसून कळलं नाही. घरी कळलं, आणि चांगलंच कळलं.

पंधरा-सोळा वर्षं झाली. आई तेव्हा सत्तरीची होती. मधुमेह सात-आठ वर्षांचा. सकाळी नाश्त्याआधी एक गोळी, ग्लिमेपिराइड. ती गोळी रोज मी माझ्या हाताने तिच्या वाटीत काढून ठेवायचो. मुलगा औषधांचा दुकानदार असल्याचा तेवढा फायदा तिला होता. दशमीच्या रात्री बायकोने मला विचारलं, "अहो, आईंच्या उद्याच्या गोळीचं काय?" मी टीव्हीवर क्रिकेट बघत होतो. म्हणालो, "बघू सकाळी."

सकाळी कोण बघतंय? पाचला उठून आईची अंघोळ झाली, वाटीतली गोळी पाण्याबरोबर गेली आणि त्यावर ती काही खायला तयार नाही. दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा तिचा नेम. बायको म्हणाली, "आई, गोळी घेतलीत, निदान दूध तरी घ्या." आई म्हणाली, "गोळी म्हणजे काय अन्न आहे का, मोडायला उपास?" गंमत बघा, तिचं म्हणणं बरोबरच होतं. गोळीने उपास मोडला नव्हता. ती गोळी पुढे काय करणार होती ते कुणी बोललंच नव्हतं.

आम्ही रामबागेतून चालत निघालो. मी, आई आणि माझा दहा वर्षांचा मुलगा. कृष्णपुऱ्याचा पूल, राजवाड्याला वळसा, आणि मग पंढरीनाथाच्या देवळाकडे. पाऊस नुसता भुरभुरत होता. रांग बाहेर रस्त्यापर्यंत आली होती. आई पहिला अर्धा तास मजेत होती, पुढच्या बाईला तिच्या सुनेविषयी सल्ला देत होती. मग गप्प झाली. आमची आई रांगेत गप्प झाली, इथेच मला कळायला हवं होतं. मग चिडली. मुलाला म्हणाली, "धक्का का मारतोस?" त्याने हातही लावला नव्हता. मग मला म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, जोडे आत आणू नका म्हणावं." बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

मी काय केलं सांगू? मी म्हणालो, "आई, थकलीस, जरा बस." बत्तीस वर्षं, त्यातली निम्मी तेव्हा झालेली, औषधं विकलेला माणूस! कपाळावर घाम होता तो मी पावसाचं पाणी समजलो.

देवळाबाहेर जोडे सांभाळायला एक पोरगा बसला होता, पंधरा-सोळा वर्षांचा. आईला पायरीवर टेकवलं तर तो उठून आला, तिचा हात धरून बघितला आणि मला म्हणाला, "अंकल, अम्मा की शुगर गिर रही है. मेरे पापा को ऐसा ही होता है. कुछ मीठा दो जल्दी." आणि खिशातून संत्र्याची गोळी काढली, आपण लहानपणी खायचो तसली.

आता नाट्य सुरू झालं. आईने तोंड घट्ट मिटलं. "दर्शन नाही झालं." मी म्हणालो, "आई, औषध समज." "नाही." पुढच्या बाईने बिस्किटाचा पुडा काढला. "गव्हाचं आहे ते!" आईला बाबा जिवंत आहेत की नाहीत ते आठवत नव्हतं, पण बिस्किटात गहू असतो आणि एकादशीला गहू चालत नाही हे पक्कं आठवत होतं. श्रद्धा कुठवर खोल जाते त्याचा मला तेव्हा अंदाज आला. हात थरथरताहेत, डोळे मिटताहेत आणि मान मात्र ठामपणे नाही-नाही हलतेय.

माझा मुलगा आत पळाला. रांगेच्या खालून घुसला, थेट गाभाऱ्यापाशी. पुजारीबुवांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण ते स्वतः बाहेर आले, हातात पंचामृताचं तांब्याचं भांडं घेऊन. पळीने वरचं पंचामृत दिलं नाही त्यांनी. भांडं तिरकं केलं आणि तळाशी बसलेली साखर, मध, सगळं तिच्या ओंजळीत ओतलं. म्हणाले, "आजी, पांडुरंगाच्या अंगावरून आलंय. नाही म्हणू नका." आणि आई प्यायली. एकदा, दोनदा, तीनदा. साडीवर सांडलं, कोपरावरून ओघळलं, पण प्यायली. प्रसादाला नाही म्हणायची सोय तिच्या डोक्यात नव्हतीच.

औषधवाला म्हणून सांगतो, पंचामृत हे काही उत्तम औषध नव्हे. दूध-दही-तुपामुळे त्यातली साखर अंगी लागायला वेळ लागतो, नुसतं साखरपाणी जास्त लवकर काम करतं. पण साखरपाणी तिने प्यायलं नसतं. पंधरा-वीस मिनिटांनी आईने डोळे नीट उघडले, आजूबाजूला जमलेले लोक बघितले आणि मला म्हणाली, "रांगेतली जागा घालवलीस ना?"

निवेदकबाई काचेपलीकडून खूण करताहेत, अर्धा वेळ संपला म्हणून. चालायचंच.

आता थोडक्यात, काय झालं होतं. काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. तुम्ही खा, नका खाऊ, ती गोळी तिचं काम करते. तिला एकादशी कळत नाही, पंढरपूर कळत नाही. गोळीला तिथी कळत नाही. त्यामुळे पोटात अन्न नसलं की रक्तातली साखर खाली घसरते. सत्तरच्या खाली गेली की धोका. लक्षणं ध्यानात ठेवा, मी विसरलो होतो म्हणून परत सांगतो. घाम, थरथर, धडधड, विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणं. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, सत्तरच्या वर आली नसेल तर पुन्हा द्या. वर आली की मग थोडं खाणं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पंचामृतसुद्धा नाही. एकशे आठ नंबर लावायचा.

सगळ्या गोळ्या अशा नसतात. मेटफॉर्मिन एकटंच चालू असेल तर साखर अशी सहसा पडत नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या आहेत, त्या घेणाऱ्याने निर्जळी करणं हा वेगळाच ताप. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर मनाने एक युनिटही इकडचं तिकडे करू नये. म्हणजे तुमची गोळी कुठली ते तुमच्या डॉक्टरांना माहीत, मला इथे बसून नाही. आणि उलटी चूकही करू नका. "उद्या उपास, म्हणून गोळी बंद" असं स्वतःच ठरवून वर दुपारी दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर केळं, वर ताकात साखर. एकादशी अन् दुप्पट खाशी, म्हण काही उगाच पडली नाही. त्यापेक्षा थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेचं ताक. राजगिऱ्याची भाकरी जमत असेल तर फारच छान.

बरं, साबुदाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आपण सोवळं सोवळं करतो, आणि उपासाच्या ताटात काय असतं बघा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. तुकोबांच्या काळी ही सगळी खिचडी देहूत होत नसणार. तरी आम्ही बिस्किटावरून भांडतो. आणि सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता खिचडीवर शेव-मिक्श्चर टाकून "उपास आहे भिया" म्हणणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. शेवेत बेसन असतं, एवढंच सांगतो.

दुसरी एक गोष्ट, विषयाला सोडून वाटेल. एकादशीला सगळ्यात जास्त वेळ ओट्यापाशी कोण उभं असतं? जिचा स्वतःचा उपास असतो ती. मुलांचा डबा वेगळा, उपासाचं वेगळं, द्वादशीच्या पारण्याची तयारी वेगळी. बायकोला रक्तदाबाची गोळी आहे हे मला तिच्या चिठ्ठीवरून दुकानात कळलं, घरात नाही. याबद्दल ती बोलत नाही आणि मीही पुढे बोलत नाही.

तर आई. त्या दिवसानंतर आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, उपास सोडा." आई हो म्हणाली आणि घरी येऊन म्हणाली, "त्याला काय कळतं?" मी समजावलं, बायकोने समजावलं, नातू रडला. काही उपयोग नाही. शेवटी मी पुजारीबुवांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, जुनं वचन आहे, आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य म्हणजे होमात देण्याजोगं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. "आजींना घेऊन या, मी सांगतो." त्यांनी आईला समोर बसवून संस्कृतातून सांगितलं. आईला संस्कृत येत नाही, पण शेवटचा शब्द कळला. औषधम्.

मग डॉक्टरांनी आणि बुवांनी मिळून, एकमेकांना कधी न भेटता, आईचा उपास बसवला. उठल्यावर देवाला नमस्कार, मग दूध आणि राजगिऱ्याचा लाडू एक, त्याबरोबर गोळी, तीही डॉक्टरांनी अर्धी केलेली. दुपारी भगर. घरात मशीन आणलं, सकाळी आणि चारला बोट टोचायचं. दर्शनाला जाताना पदराच्या गाठीला खडीसाखर. निर्जळी बंद. यातलं काय कुणी सांगितलं ते आता मलाही नीट आठवत नाही. आईला मात्र सगळं बुवांनीच सांगितलं असं वाटतं आणि आम्ही तिला दुरुस्त करत नाही.

आई आता शहाऐंशीची आहे. आज सकाळी मी निघताना तिने हाक मारली, "अरे, उद्याच्या गोळीचं विचारलंस का?" मी म्हणालो, विचारलं. देवघरात बघतो तर तिने गोळ्यांची पट्टी विठोबापुढे ठेवलेली, वर तुळशीचं ओलं पान. मी म्हणालो, "आई, पट्टी ओली नको करूस, खराब होतात गोळ्या." ती म्हणाली, "मग पुसून ठेव की."

पुसून ठेवली. आता सव्वासहा झालेत, औषधांची दुकानं रात्री दहापर्यंत उघडी असतात आणि डॉक्टरांना फोन लावायलाही अजून वेळ आहे. नमस्कार.